‘काही न्हाई’ या शब्दांवर माझा शक

पहाटे म्हशीच्या कासेला हात लावला की बोटांना आधी ऊब लागते, मग ओलसर मऊपणा, आणि मग दुधाचा तो गोडूस, गवताळ वास असा अंगावर येतो की थंडीच्या दिवसांत हात काढून घ्यावासा वाटत नाही. कोमट पाण्यानं कास धुवायची, चारही सडं एकेक करून चाचपायची, कुठं दगडासारखं टणक लागतंय का, कुठं जास्त ऊन आहे का ते बघायचं, पहिल्या धारा भुईवर पिळून त्यात गुठळी नाही ना याची खात्री करायची, आणि मगच चरवी मांडीत धरायची, हे मी जन्मभर करत आलो. जनावर बोलत नाही. म्हणून त्याच्या वतीनं आपण शक घ्यायचा असतो.

माझा स्वभावच शक्की. बियाण्याच्या पिशवीवर, पावसाच्या बातमीवर, गोड बोलणाऱ्या पुढाऱ्यावर, गोळ्या देणाऱ्या डॉक्टरवर, कुणावर म्हणून माझा भरवसा बसला नाही. कंधारच्या बाजारात मला बघून भाजीवाल्या म्हणायच्या, “आलं बाई म्हातारं, आता भेंडी पण चावून बघंल.” हाव, बघत होतो चावून. पण चौथीपर्यंत शिकलेला हा म्हातारा आज तुम्हाला एक विचारतो. जगातल्या सगळ्या गोष्टींवर डोळा ठेवणारा माणूस स्वतःच्या घरात आंधळा राहू शकतो का? राहतो. मी राहिलो.

गोदा, माझी बायको, दोन वर्षांमागं गेली. छातीचा कॅन्सर. शब्द लिहून टाकतो, कारण तो न उच्चारण्यातच आमचे मोलाचे दिवस निघून गेले.

त्याच्या आधी एका उन्हाळ्यात आमच्या म्हशीला दगडी झाली होती. दगडी म्हणजे कास सुजून टणक होते तो आजार. कोरफडीचा गर, हळद आणि चुना वाटून लेप लावा, असं जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं. गोदा पाट्यावर वाटायची, मी लावायचो. आठ दिवसांत म्हैस बरी झाली. पण त्यानंतरही दारातल्या कोरफडीची एकेक पात कमी होत राहिली. रोज सकाळी नवा काप, त्यातून गळणारा ताजा रस. माझा शक जागा झाला आणि सरळ शेजारच्या यमुनाबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

“वैनी, आमच्या कोरफडीनं केस काळे करून राहिल्या का?”

“माझ्या केसाचं मी बघीन,” ती म्हणाली. “तुम्ही जरा तुमच्या घरात बघा.”

तिनं रागानं म्हटलेलं ते वाक्य किती खरं होतं! आणि मी घरात पाहिलं नाही.

घरात गोदा होती. न्हाणीचं दार लावून तोच लेप ती आपल्या डाव्या छातीला लावत होती. म्हशीचं टणक झालेलं या लेपानं मऊ पडलं, मग आपलंही पडेल, एवढा तिचा भोळा तर्क. चोळीवर हळदीचा डाग दिसला तर म्हणायची, फोडणी उडाली. काय होतंय म्हणून विचारलं तर म्हणायची, “काही न्हाई.” आणि खरंच दुखत नव्हतं तिला. दुखत नाही म्हणजे काही नाही, हे आम्हा कुणबी लोकांचं शास्त्र. आणि सुरुवातीला बहुतेक वेळा दुखायचंच नाही, हे त्या बिमारीचं शास्त्र. दोघांची गाठ पडली ती अशी.

त्याच उन्हाळ्यात गावात सरकारी आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईनं समाजमंदिरात बायकांना बोलावलं होतं, दारं-खिडक्या लावून. बंद दार म्हटलं की माझ्या अंतःकरणात किडा वळवळतो. मी गोदाला जाऊ दिलं नाही आणि वर आशाताईला चारचौघांत विचारलं, “आत कोंडून काय शिकवून राहिलीस गं?”

“मामा, म्हशीला तुम्ही रोज हात लावून बघता ना? बाईनं महिन्यातून एकदा स्वतःला बघावं, तेवढंच शिकवते.”

“तोंड सांभाळून बोल,” मी म्हणालो. माझ्या मागं गोदा खाली मान घालून उभी होती. तिचा एक पाय समाजमंदिराच्या पायरीवर होता, हे मला आज आठवतं. त्या दिवशी दिसलं असून दिसलं नव्हतं.

पुढं तिच्या छातीची कातडी लिंबाच्या सालीसारखी झाली, हाताला सूज चढली, तेव्हा नांदेडला नेलं. डॉक्टरीणबाईनं विचारलं, कधीपासून आहे? मीच उत्तर दिलं, “महिना झाला असंल.” गोदा भिंतीकडं बघत हळूच म्हणाली, “दीड साल झालं.” त्या क्षणी माझा सगळा जन्माचा शहाणपणा मातीत गेला. म्हशीच्या कासेतला सुपारीएवढा बदल ज्या बोटांना अंधारात कळत होता, ती बोटं दीड वर्ष एका घरात असून काय करत होती?

ती गेल्यावर डॉक्टरीणबाईचं एक वाक्य मागं राहिलं. लेकीलाही जपा. आमची सुमन औशाला दिली आहे, चाळिशीला टेकली आहे. फोनवर आडून आडून तब्येत विचारली की म्हणायची, “काही न्हाई, बाबा.” तोच आवाज, तेच शब्द. दुसऱ्या दिवशी मी आशाताईच्या दारात गेलो. “पोरी, त्या दिवशी शिकवलंस ते मला सांग,” म्हणालो. तिनं एक टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं पाट दिला आणि सांगितलं. पाळी संपल्यावर थोड्या दिवसांनी, पाळी गेली असेल तर महिन्याचा एक दिवस ठरवून. आरशासमोर हात वर करून आधी नुसतं बघायचं, कुठं खळी पडली का, छातीचं बोंड आत ओढलं गेलं का, पाणी येतं का. मग तीन बोटांच्या पेरांनी गोल गोल, काखेपर्यंत. नवं काही लागलं की लेप नाही, दवाखाना. आणि लागलं नाही तरी अधूनमधून दवाखान्यात दाखवायचंच.

लातूरहून औशाच्या बसमध्ये मी ते मनात घोकत होतो. बापानं लेकीला हे कोणत्या तोंडानं सांगावं? घरात आम्ही दोघंच होतो. मी चहाच्या कपाकडं बघत सगळं बोलून टाकलं.

“बाबा, आमच्या इथल्या ताईनं शिकवलंय मला. मीच बघत न्हाई. भ्या वाटतंय. सापडलं तर?”

“तुझ्या आईला सापडलं होतं, सुमे. तिनं सांगितलं न्हाई. अन् सांगावं असा मी नव्हतो.”

ती रडली. मी रडलो नाही, असं म्हणणार होतो, पण खोटं कशाला लिहू?

तेव्हापासून दर महिन्याला मी फोन करतो. “बघितलंस?” ती चिडते, म्हणते, “हाव बाबा, बघितलं, आता पोलिसात भरती व्हा तुम्ही.” मी खोदून विचारतो. तिच्या आवाजात कुठं पोकळी आहे का, हे कानानं चाचपतो.

गेल्या रविवारी मी भाकरी कुस्करत होतो, तेव्हा तिचाच फोन आला. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, “बाबा, काखेच्या खाली हरभऱ्याएवढं लागतंय. आत्ताच लागलं. ह्यांना सांगितलंय, उद्या लातूरला दाखवायला चाललोत.”

हातातला घास तसाच राहिला. भ्यालो का? लई भ्यालो. पण ‘आत्ताच’ हा शब्द मी जवळ धरून बसलो. तिच्या आईला सांगायला दीड वर्ष लागलं होतं.

सुई घालून नमुना घेतला आहे. अशा पुष्कळ गाठी साध्याच निघतात, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं म्हणे. त्या सांगण्यावर माझा शक आहे, आणि शुक्रवारी कागद येईल त्याच्यावरही राहील. लेकीवर मात्र आता राहिला नाही.