खांद्याच्या हाडातलं भोक

आमच्या संग्रहालयातले डॉक्टर माणसांचे नव्हेत, मेलेल्यांचे. मेलेले तरी कधीचे, तर कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात पोहणारे लांब मानेचे सरपटणारे प्राणी! त्यांच्या खांद्यांची हाडं शेजारी शेजारी मांडायची, मापायची, वहीत लिहायची, एवढ्यावर या गृहस्थाने तीस वर्षं काढली. घरी बायकोचा खांदा आखडला, सहा महिने हात वर जाईना, ते याला शेजारणीने सांगितल्यावर कळलं. काय म्हणावं या अकलेला!

मी त्या हाडांची मोडतोड जोडणारा. तुकडे चिकटवायचे, खड्डे प्लास्टरने भरायचे, वरून रंग द्यायचा. डॉक्टरांच्या लेखी मी म्हणजे दोन पायांचा चिमटा. "अहो, जरा धरा," याखेरीज कधी शब्द नाही.

तर एका हाडाला आरपार भोक. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला. बाकीच्या चाळीस हाडांत असं भोक नाही, तेव्हा हा प्राणीच वेगळा! तसा लांबलचक लेखही छापून आणला. ते भोक मी पाडलं होतं. ड्रिलने. डॉक्टर इथे लागण्याआधी ते हाड तारेने भिंतीवर टांगायचं होतं म्हणून. आंधळ्यालाही बोट घालून कळलं असतं, पण हे पडले विद्वान. मी गप्प बसलो. आपल्याला कोण विचारतंय?

परवा विचारलं. परदेशातल्या एक बाई तसलंच हाड घेऊन ताडून बघायला येणार होत्या. आदल्या दिवशी डॉक्टर माझ्या टेबलाशी आले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच समोर बसले. "खरं सांगा, हे भोक पहिल्यापासूनचं आहे ना? तुम्ही नाही म्हणालात तर आजच लेख मागे घेतो."

"पहिल्यापासूनचंच आहे, साहेब," मी म्हटलं. मनात म्हटलं, पड लेका उद्या तोंडघशी, चांगला चारचौघांत.

दुसऱ्या दिवशी सगळा विभाग जमला. बाईंनी भोकाला भिंग लावलं आणि लगेच मान वर केली. "हे ड्रिलचं आहे."

मी हसू दाबत कोपऱ्यात उभा. डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला, पण आवाज चढला.

"शक्य नाही! मी यांना स्वतः विचारलंय. तुमच्या भिंगापेक्षा माझा या माणसावर विश्वास आहे."

सगळे माझ्याकडे वळले. डॉक्टरही.