चार आटे सैल

चुन्नीलाल मिस्त्री यांनी अर्जुनी मोरगावात गॅरेज नेमके कोणत्या वर्षी सुरू केले, याविषयी दुमत आहे. कोणत्याही यंत्रासोबतचा माहितीचा कागद त्यांनी आजवर वाचलेला नाही, याविषयी मात्र नाही. त्यांचे घराणे तलाव बांधणाऱ्यांचे. इंजिनात जे वाहते ते पाणीच, असे समजून ते काम करतात आणि बहुतेक वेळा गाडी चालू होते.

गेल्या मार्चमध्ये त्यांचे जावई हिमांशू गोंदियाहून आपली जुनी टर्बो डिझेल गाडी घेऊन आले. सोबत ऑनलाइन मागवलेला पितळी तुकडा होता : बूस्ट कंट्रोलर. टर्बोतला हवेचा दाब ठरावीक पातळीला पोचला की एक झडप उघडते आणि दाब तिथेच थांबतो. त्या झडपेकडे जाणाऱ्या रबरी नळीत हा तुकडा बसवला की झडपेला दाबाची खबर उशिरा मिळते. तोवर दाब चढत राहतो. किती चढू द्यायचा, ते तुकड्यावरचा स्क्रू ठरवतो.

लग्नाला सहा वर्षे झाली तरी जावयाने सासऱ्यांच्या हाती गाडी प्रथमच दिली होती. तीही बजावून.

"नाही जमलं तर सांगा मामाजी. गोंदियात एक मिस्त्री आहे."

"असे हजार बसवले जी," चुन्नीलालजी म्हणाले. त्यांच्या पत्नी शामकलाबाई यांच्या माहितीप्रमाणे हा पहिलाच.

तुकडा वीस मिनिटांत बसला. प्रश्न स्क्रूचा होता. तलावाच्या पाळीतले तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, जितके उघडावे तितके पाणी जास्त. या न्यायाने चुन्नीलालजींनी स्क्रू चार आटे सैल केला.

हिमांशू नवेगाव बांधपर्यंत जाऊन परतले. "मामाजी, गाडी उडून राहिली. एक बस तर झटक्यात मागे टाकली." ती बस पंक्चर होऊन उभी होती, असे तिच्यातल्या एका प्रवाशाने नंतर सांगितले.

जावई जेवायला बसले. मी तलावांची माहिती विचारायला तिथे आलो होतो. खोक्यातला कागद दिसला म्हणून वाचून दाखवला. स्क्रू कसला की दाब वाढतो, सैल केला की उतरतो. चुन्नीलालजींनी दाबमापक जोडून रस्त्यावर एक चक्कर मारली. काटा गाडीच्या मूळ दाबापुढे गेलाच नाही.

"आता काऊन चूप बसले?" शामकलाबाई म्हणाल्या. "सांगा जावयाले."

"सांगतो तं तो गोंदियाले जाते."

"आन् नाई सांगत तं?"

चुन्नीलालजी पाना घेऊन उठले. "जवाईबापू, जरासा कसून देतो."

"कायले? हात नका लावू मामाजी. अशी सेटिंग पुन्हा बसत नाही."

चुन्नीलालजींनी पाना खाली ठेवला. "उलटा फिरला जी माह्याकडून. दाब होता तेवढाच हाये."

हिमांशू सासूबाईंकडे वळले. "देखा? बडे कारीगर अपनी तारीफ नहीं करते."

दाबमापक दाखवण्यात आले. जावयांनी काचेवर दोन टिचक्या मारल्या आणि मापकच बिघडले असल्याचे जाहीर केले.

पुढच्या पंधरवड्यात हिमांशूंचे दोन मित्र आपापल्या गाड्या आणि तसेच पितळी तुकडे घेऊन गोंदियाहून अर्जुनीला आले. चुन्नीलालजींनी त्यांना सरळच विचारले, "कसून देऊ, का जवाईवाली देऊ?"

दोघांनीही जवाईवाली मागितली.