एकशे शहाऐंशीतला एक

आत्याने लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "वेळच मिळाला नाही." दिवसभर ती बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर असायची. बाटली उजेडासमोर धरायची, तडा दिसला की बाजूला. संध्याकाळी आमच्या वसाहतीतली माणसंही ती तशीच तपासायची. हातात मतदारयादी आणि कानावर पेन्सिल. नावापुढे बरोबरची खूण म्हणजे आपला, म्हणजे शिडी पक्षाचा. फुली म्हणजे छत्रीवाला. आणि ठिपका म्हणजे तळ्यात-मळ्यात.

तिच्या पहिल्या यादीत ना फुली होती ना ठिपका. कारखान्याची युनियन शिडीची, म्हणून वसाहत शिडीची. वेगळं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आई तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती. तिला आत्याने तीन संध्याकाळी समोर बसवून कागदावर शिक्का मारायला शिकवलं. "वहिनी, शाई पसरली तर मत बाद. इथे, शिडीवर, बरोबर मधे." मतदानाला एकूण एक माणूस बाहेर काढला. पाय मोडलेल्या चौकीदाराला खुर्चीसकट उचलून नेलं. एकशे शहाऐंशी मतदार, एकशे शहाऐंशी मतं. आत्याने आकडा आधीच फळ्यावर लिहून ठेवला होता.

मोजणीत शिडीला एकशे पंच्याऐंशी निघाली. एक छत्रीला.

उमेदवार दणक्यात निवडून आला, वसाहत नाचली आणि आत्या न जेवता झोपली. बाबा म्हणाले, "अगं, एका मताने काय आभाळ कोसळलं?"

"मत गेल्याचं दुःख नाही, दादा. घरचा भेदी आहे कुणीतरी."

संशय गेला भट्टीवाल्यावर. हा भट्टीवर काम करणारा, हसरा, आत्याचा युनियनमधला जोडीदार. दर रविवारी आमच्याकडे चहाला यायचा आणि दोघं तासन्‌तास वाद घालायची. एका सभेत तो बोलून गेला होता की छत्रीवाला दवाखान्याचं म्हणतो ते काही अगदीच चूक नाही. आत्याला तेवढं पुरलं. पुढच्या रविवारी तो आला तेव्हा तिने दार अर्धंच उघडलं. "कशाला आलात ते कळत नाही मला," म्हणाली. फळीवरचा त्याचा पेला उपडा ठेवला गेला तो कायमचा. हे सगळं माझ्या जन्माआधीचं, पण तो उपडा पेला पुसायचं काम पुढे माझ्याकडे आलं, म्हणून मला गोष्ट पाठ आहे.

मला आठवतात ते माझ्या लहानपणीचे मतदानाचे दिवस. इस्त्रीचे कपडे घालून ओळीच्या ओळी शाळेकडे निघायच्या. भिंतीलगत आत्याचं टेबल, त्यावर चिठ्ठ्यांचे गठ्ठे, भोवती ही गर्दी. आत्याला मान वर करायला फुरसत नसायची, आणि इतकी खूश मी तिला एरवी कधी पाहिलं नाही. त्या दिवसांची आजही हुरहूर लागते. तेव्हा सगळे चांगले होते असं नाही, सगळे एकत्र होते.

मग वसाहत हळूहळू बदलली. प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आणि एक भट्टी विझली. मुलं दुकानांत, ऑफिसांत कामाला लागली. त्यांना युनियन म्हणजे वडिलांचा खोकला वाटायचा. शिडीवाले आपसांत भांडून दोन झाले. छत्रीवाल्यांनी दारोदार नळ दिले. आत्याच्या यादीत आधी ठिपके आले, मग फुल्या. एकशे पंच्याऐंशीची एकशे बारा झाली, मग सत्तेचाळीस. ज्यांनी तिच्या हाताखाली पोस्टर चिकटवली ते आता छत्रीच्या मंडपातून "आत्या, चहा घ्या" म्हणायचे. ती घ्यायचीही. "वारा येईल तशी पाठ देतात," एवढंच घरी पुटपुटायची.

भट्टीवाला मात्र दर वेळी तिच्या टेबलापाशी यायचा, चिठ्ठी घ्यायचा, न बोलता जायचा. तो फितूर नव्हता हे तिला कळून चुकलं होतं. पण इतक्या वर्षांनी माफी मागायची तर खरा माणूस हाती लागायला हवा, हा तिचा हट्ट. जुनी यादी काढून ती एकेक नाव पुन्हा पुन्हा उजेडासमोर धरायची.

शेवटच्या निवडणुकीत तिला धड चालता येत नव्हतं. तरी टेबल मांडलंच. संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, "यंदा तीन. मी, भट्टीवाला आणि शिंपीणबाई." बाबा तोवर गेले होते, आईच्या नावापुढे दारात नळ आल्यापासून फुलीच होती, आणि माझं मत आता सासरच्या गावी होतं.

मोजणीत चार निघाली.

"चौथं कुणाचं?" आत्या यादीवर वाकली. आई समोर मटार सोलत होती. ती थांबली, इतकंच. पण तडा ओळखणारे डोळे ते.

"वहिनी?"

"तुमच्या टेबलापाशी कुणी थांबत नव्हतं, वन्सं," आई म्हणाली. "मला रांगेतून दिसत होतं. बघवलं नाही."

आत्याने पेन्सिल खाली ठेवली. मग हळूच विचारलं, "आणि तेव्हाचं, ते एक?"

आईने मटाराची परात बाजूला ठेवली. "या घरात फळीवर कुठलं भांडं कुठे, तेही तुम्ही ठरवत होता. तिथे पडद्याआड गेले आणि लग्नानंतर पहिल्यांदा आजूबाजूला कुणी नव्हतं. छत्री काय, शिडी काय, मला कळत होतं कुठे? पण मारला शिक्का. नंतर तुम्ही भट्टीवाल्यांना दारातून परत पाठवलंत, आणि माझी जीभ उचलली नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण आत्या हसायला लागली आणि हसता हसता रडली. "काखेत कळसा आणि मी गावभर हिंडले गं!" मग डोळे पुसून तिने पेन्सिल घेतली. "बरं, पुढच्या वेळी तुला कुठे धरू?"

"ते नाही सांगणार," आई म्हणाली.

आत्याने आईच्या नावापुढची फुली खोडली आणि तिथे ठिपका दिला. मग भिंतीला धरून उठली, फळीपर्यंत गेली आणि भट्टीवाल्याचा पेला सुलटा केला.

"जा, त्याला बोलावून आण," मला म्हणाली. "आणि वहिनी, चहा तू कर. सांगायचंही तूच."