रक्त वळखणारे नाना

नाना कुणालाही नाव विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न एकच, मामाचं गाव कोणतं. एकदा दवाखान्यात नवीन डॉक्टर आलेला, तो नानांच्या हाताला शीर शोधतोय आणि नाना पडल्या पडल्या त्याचीच चौकशी करतायत. तो म्हणाला मामा कर्जतकडचे. झालं! सलाईन संपेपर्यंत नानांनी त्याच्या आजीच्या चुलत्यापर्यंत सगळं काढलं आणि तो डॉक्टर आमचा लांबचा भाचा निघाला. तेव्हापासून तो नानांना मामाच म्हणायचा, खरंच.

नाना म्हणजे माझ्या आजोबांचे, आप्पांचे, थोरले भाऊ. नानी लवकर गेली, मूलबाळ नाही, त्यामुळे ते आमच्यातच राहायचे. देवळाली प्रवराच्या अलीकडं आमची वस्ती, चारी बाजूंनी ऊस. भावकीत नाना सगळ्यात मोठे. कुणाचीही सोयरीक जुळायची तर आधी नानांच्या कानावर घालायची. कुठलंही लग्न असो, देवक आणायला खांद्यावर कुऱ्हाड घेऊन वाजंत्र्याच्या मागं पहिले चालणार ते नानाच. तो मान त्यांना जेवणापेक्षा प्यारा होता.

मला पुण्याला कॉलेजात सोडायला तेच आले होते. मी हॉस्टेलच्या दारात रडतेय आणि नाना आत जाऊन बसलेले. पाच मिनिटांत बाहेर आले, मागं वॉर्डन बाई. म्हणाले, "सोने, रडू नगं. ही तुझी मावशी लागती." आणि ती तीन वर्षं खरंच मावशीसारखी वागली. नाना असले की जगात कुणी परकं उरायचंच नाही, हे मी लिहून ठेवते कारण पुढचं लिहायचंय.

पुढचं म्हणजे, नानांची जीभ. "रक्त वळखू येतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बारशाला गेले की पाळण्यात वाकून बाळाचं नाक चिमटीत धरायचे आणि आईदेखत निकाल द्यायचे. माझ्या बारशाला म्हणाले, "हे नाक आपलं न्हाई." माझी आई पाथर्डीकडची, तिचे आईबाप ऊसतोडीला आमच्या भागात यायचे. पप्पांनी तिच्याशी पळून जाऊन लग्न केलं. नानांनी तिला पंचवीस वर्षांत सूनबाई म्हटलं नाही. कोयत्याची म्हणायचे. "कोयत्याचीला सांग च्या टाकायला." पप्पा गप्प. पप्पा कायमच गप्प.

आणि ताईचं. ताईनं कॉलेजातला एक मुलगा घरी आणला होता, चांगला होता, मला आवडला होता. नानांनी विचारलं आजीचं माहेर. तो म्हणाला माहीत नाही, आजी लहानपणीच अनाथ झालेली, कुणीतरी सांभाळली. नाना म्हणाले, "ज्याच्या मुळाचा पत्ता न्हाई त्याच्या दारात आपली पोर न्हाई." आणि मटणाचा रस्सा वाढून घेतला. ताई दोन दिवस जेवली नाही.

म्हणून मी ते डीएनए किट मागवलं. खोटं कशाला बोलू, मला नानांची जिरवायची होती. मी म्हटलं रिपोर्टमध्ये कुठकुठचं रक्त दाखवतात ते येऊ द्या, मग बघू कोण कोयत्याचं. दोन किटची ऑफर होती म्हणून एक आप्पांना. नाना तर खूशच झाले. म्हणाले मशीनलाबी कळाया लागलं का, मग घे, भावकीला कागद दाखवू. थुंकी द्यायच्या आधी अर्धा तास तंबाखू बंद. त्या अर्ध्या तासात त्यांनी घड्याळाला, मला आणि माझ्या कॉलेजला शिव्या घातल्या. तोंड कोरडं पडलं, नळी भरेना, शेवटी मी समोर चिंच धरून उभी राहिले. आप्पांची नळी आधी भरली तर नाना म्हणाले, "धाकट्याला कायम पुढं पुढं करायची सवय."

रिपोर्ट आला तेव्हा मी एसटीत होते. पहिल्या पानावर इराण वगैरे दिसलं, मला इतकं हसू आलं की मी पूर्ण न वाचताच दोन्ही पीडीएफ भावकीच्या ग्रुपवर टाकल्या. खाली लिहिलं, नाना इराणचे निघाले. सगळे हसले, नाना पण हसले असणार. पण बापूकाका, म्हणजे नाना-आप्पांचा चुलत भाऊ, त्याला सगळं शेवटपर्यंत वाचायची सवय. त्यानं विचारलं, हे शेवटच्या पानावर जुळलेल्या नातेवाइकांची यादी आहे, त्यात नानाच्या कागदावर आप्पाचं नाव का न्हाई?

मी कंपनीला मेल केला. उत्तर आलं की सख्खा काय, सावत्र भाऊ असता तरी यादीत दिसला असता.

म्हणजे दोघांतला एक आमचा नव्हता. कोण, ते कळत नव्हतं. घरात दोघं म्हातारे समोरासमोर जेवायला बसायचे. नाना म्हणायचे, "आप्पाच आनलेला आसंल, ल्हानपनापास्नं येडाच हाय." आप्पा हसायचे, म्हणायचे आसंल बाबा. मी म्हटलं सोडून द्या आता, आपल्याला कळायलाच नको. पण बापूकाकानं स्वतःची नळी भरून पाठवली. कुणी सांगितलं नव्हतं. दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात नानांनी एकाही माणसाला मामाचं गाव विचारलं नाही.

बापूकाका आप्पांशी जुळला. नानांशी नाही.

नानांना कुठून आणलं, का आणलं, सांगणारं कुणी जिवंत नव्हतं. नाना माझ्याकडं आले, मी ओट्यावर मोबाईल घेऊन बसले होते. शेजारी बसले. म्हणाले, "ते पुसता येतं का गं?"

मी म्हटलं माझ्यातून पुसेन नाना, पण ग्रुपवर सगळ्यांनी उतरवून घेतलंय.

"सगळ्यांनी?"

"व्हय."

ते म्हणाले बरं, आणि उठून गेले. एवढंच.

पुढच्याच महिन्यात ताईचं लग्न. (दुसऱ्या मुलाशी. याच्या आजीचं माहेर राहुरी.) नाना पहाटेच अंघोळ करून, नवा फेटा बांधून मांडवात उभे. देवक आणायची वेळ झाली तर कुऱ्हाड बापूकाकाच्या खांद्यावर. नानांनी हात पुढं केला. बापूकाका आवाज न चढवता म्हणाला, "नाना, ज्याच्या मुळाचा पत्ता न्हाई... तुमीच शिकिवलंय. तुमी पावन्यांत बसा." वाजंत्रीवाले पण थांबले. आप्पा म्हणाले अरे त्याला धरू दे, पण आप्पांचं कुणी ऐकलं नाही. मी आत पळाले. आई नवरीच्या ओटीचे तांदूळ निवडत होती. मी म्हटलं आई, तू नवरीची आई आहेस, तू बोललीस तर देतील. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "मी कोयत्याची. माझं भावकीत कोन ऐकतं?"

नाना पाहुण्यांत बसले. शेजारच्या माणसानं त्यांना विचारलं तुम्ही मुलीकडचे का मुलाकडचे. मी ऐकलं. त्यांनी काय उत्तर दिलं ते वाजंत्रीत ऐकू आलं नाही.

त्यानंतर ते आठ महिने होते. जेवायचे, उन्हाला बसायचे, कुणी आलं तर आत जायचे. एका सकाळी उठलेच नाहीत.

सुतक धरायचं का, यावर बैठक बसली. बापूकाकाच्या नव्या घराची वास्तुशांत त्याच आठवड्यात होती. तो म्हणाला रक्तच न्हाई तर सुतक कशाचं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. नाना असते तर त्यांनीही हाच निकाल दिला असता, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं आणि मला त्यांचा लय राग आला.

आप्पांनी कुणाला विचारलं नाही. दहाव्याला प्रवरेच्या घाटावर जाऊन डोकं, मिशा सगळं उतरवलं. आम्ही तिघंच होतो, आप्पा, पप्पा आणि मी. गुरुजींनी विचारलं गेलेल्याच्या बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव सांगा. पप्पा गुरुजींच्या कानात काहीतरी सांगायला लागले तर आप्पांनी त्यांना मागं ओढलं आणि आपल्याच बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव सांगितलं. म्हणाले, "बाप माझा हाय. मी कुनालाबी देईन."

घरी आलो तर दारापर्यंत पुरणाचा वास. आईनं पोळ्या केल्या होत्या. पप्पांनी तिच्याकडं बघितलं तर ती म्हणाली, "का? आपल्याला सुतक न्हाई ना." आणि चार ताटं वाढली, वर तूप. आप्पा ताटावरून उठून गोठ्याकडं गेले, तसेच, बोडक्या डोक्यानं. पप्पा भिंतीकडं बघत बसले.

मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी दोन खाल्ल्या.