खांबावरची काच

इमारतीतले लोक वॉचमनला इंजिनिअरसाहेब म्हणत, पण हाक मारत ती गाडी पुसायला. "इंजिनिअरसाहेब, मागची काच राहिली हो!" तोही हसून फडकं झटकत जायचा. मुख्य दार कुरकुरतं अशी तक्रार आली, तर त्याच दिवशी बिजागऱ्यांना तेल. आता ते दार बोटाने ढकललं तरी उघडायचं.

चेष्टेत खोटं काहीच नव्हतं. सीमेपलीकडे त्याने स्थापत्याची पदवी घेतली होती, दोन पूल आणि एक शाळा उभी केली होती. इथे मात्र त्या पदवीला कुणी विचारत नव्हतं. मान्यता कार्यालयात अर्ज करून चौथं वर्ष लागलं. त्यांनी मूळ प्रमाणपत्र मागितलं, त्याने भिंतीवरची फ्रेम उतरवून काढून दिलं. मग गुणपत्रकं, मग त्यांची भाषांतरं, मग भाषांतरांवर शिक्के. एका विषयाचे तास कमी भरत होते, त्याचं पत्र जुन्या कॉलेजातल्या म्हाताऱ्या कारकुनाने कुठल्याशा कपाटातून शोधून पाठवलं. आता महिनाअखेरीला समिती बसणार होती. तोवर एकच अट होती, आणि ती त्याने सही करून मान्य केली होती: स्वतःला अभियंता म्हणवायचं नाही, लेखी तांत्रिक मत द्यायचं नाही. अट मोडली तर अर्ज कायमचा बाद.

आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये एका खांबाला भेग दिसली. सरळ नव्हे, तिरकी. गच्चीवर त्याच कोपऱ्यात मागच्या महिन्यात पाण्याची दुसरी टाकी चढवली होती. खांबाच्या पलीकडे त्याचीच खोली, आणि खांबाला लागून त्याच्या सात वर्षांच्या मुलीची खाट.

त्याने रिकाम्या फ्रेममधली काच काढली, तिच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या. एक पट्टी भेगेवर आडवी धरून दोन्ही टोकं सिमेंटने चिकटवली, शेजारी तारीख लिहिली. भेग स्वस्थ बसली तर काच शाबूत राहते.

सहाव्या दिवशी काच तडकली. दुसरी लावली. ती तीन दिवस टिकली.

तो सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेला. "साहेब, खांब दबतोय. टाकी रिकामी करा, लोकांना बाहेर काढा."

"पुट्टी मारून घे."

"पुट्टीने खांब उभा राहत नाही, साहेब."

"मग लेखी दे, सहीशिक्क्यानिशी! वॉचमन म्हणतो म्हणून मी बत्तीस घरं रस्त्यावर आणू? लोक मला वेड्यात काढतील."

नगरपालिकेत फोन लावला, तर तिथल्या बाईंनीही तेच विचारलं. अभियंत्याचं पत्र आहे का? नसेल तर तक्रार रांगेत जाईल.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. "अहो, दहा दिवस कळ काढा. मग हव्या तितक्या सह्या ठोका. चार वर्षं लोकांच्या फरशा मी काय हौसेने पुसल्या?"

"बरं. पण पोरीची खाट तेवढी खांबापासून काढून समोरच्या भिंतीला लाव."

"कालच लावली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिसरी काच लावली. दुपारी मुलगी शाळेतून आली, ती दप्तर न उतरवताच त्याच्याकडे धावली. "बाबा, तुमची काच वाजली."

काचेचे दोन तुकडे झाले होते. मधल्या फटीत त्याचं नख शिरलं.

तो खोलीत आला तेव्हा बायकोने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. मुलीच्या वहीचं पान फाडून पुढे ठेवलं आणि मुलीला म्हणाली, "बूट काढू नकोस."

त्याने लिहिलं: इमारत ताबडतोब रिकामी करावी. खाली स्वतःचं नाव, पदवी, वर्ष, 'स्थापत्य अभियंता' आणि सही. कागदाचा फोटो नगरपालिकेला धाडला, कागद लिफ्टच्या दाराला चिकटवला, आणि मग आठही मजले चढून एकेका दाराची घंटा वाजवली.

लोक बडबडत खाली उतरले. कुणाच्या हातात इस्त्रीचे कपडे, कुणाच्या कडेवर पोर. टाकीचा नळ उघडा सोडून तो सर्वांत शेवटी बाहेर आला. पाऊण तास सगळे रस्त्यापलीकडे उभे राहिले. काहीच झालं नाही.

"झाला तमाशा?" अध्यक्ष म्हणाले. "तुझ्या त्या कागदाचा फोटो मान्यता कार्यालयाला पाठवलाय. आता बस पुसत गाड्या."

बायकोने मुलीचा हात घट्ट धरला. तो दाराच्या वाटेत जाऊन उभा राहिला.

"बाजूला हो! कोण लागून गेलास तू?"

"सही वाचलीत ना, साहेब?"

अध्यक्षांनी त्याला कोपराने सारलं. मागोमाग दहाबारा जण निघाले. अध्यक्षांनी दाराला बोट लावलं. मग तळहात. मग खांदा.

दार चौकटीत आवळून बसलं होतं. वरच्या कोपऱ्यातून बारीक पांढरी भुकटी त्यांच्या बाहीवर पडत होती, आणि मागून कुणीच पुढे येत नव्हतं.