लाइट गेली होती, बेन

"शेवटचा हात कुणाचा?"

बिघडलेल्या कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी बेन हा एकच प्रश्न विचारायच्या. उत्तर मिळेपर्यंत त्यांचा स्क्रू-ड्रायव्हर बाहेर निघत नसे. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, ज्याच्या पहिल्याच प्रश्नाला आपण खुर्चीत सावरून बसतो.

त्या मराठीच. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. पण सगळं बडोदं त्यांना गुजराती वळणानं 'बेन', म्हणजे ताई, म्हणायचं, म्हणून आम्हीही. मी बडोद्याच्या वाडी भागातल्या एका मराठी शाळेत कारकून होतो. शाळेत तेव्हा एकच कॉम्प्युटर, आणि त्याची देखभाल बेनकडे. गल्लीबोळातून त्या चालत यायच्या. खांद्याला पर्स, पर्समध्ये चष्म्याचं घर, आणि त्या घरात स्क्रू-ड्रायव्हर. "चष्मा हरवला तर दुसरा मिळेल," म्हणायच्या.

काय केलं, मग काय दिसलं, मग कुठलं बटण दाबलं, सगळं त्या वहीत उतरवून घेत. एकदा आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "मी काहीच केलं नाही हो."

"सर, काहीच न करता इतकं बिघडत नाही. साचुं बोला, खरं सांगितलंत तर मी रागवत नाही."

सरांनी कीबोर्डवर सांडलेला चहा मुकाट्यानं कबूल केला.

आता माझं सांगतो.

दसऱ्याला आपण अवजारं पुजतो. त्या वर्षी मी कॉम्प्युटरला हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि मुहूर्तावर नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची सीडी आत सरकवली. "मी आल्याशिवाय नवी सिस्टिम चढवू नका," असं बेननी बजावलं होतं. पण मुहूर्त काही बेनसाठी थांबणार नव्हता. पडद्यावरची निळी पट्टी निम्म्यावर आली आणि अडकली. अर्धा तास जागची हलेना. घरी मंडळी फाफडा-जलेबीसाठी खोळंबलेली, आणि दसऱ्याला बडोद्यात त्यासाठी केवढ्या रांगा लागतात! मी सरळ बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी नुसता काळा पडदा. दहावीच्या सगळ्या मुलांचे बोर्डाचे फॉर्म आत होते आणि ते आठवड्याभरात पाठवायचे होते.

बेन आल्या. प्रश्न आला.

"हात माझाच," मी म्हणालो, "पण मध्येच लाइट गेली होती, बेन."

त्यांनी टेबलाखालच्या यूपीएसकडे पाहिलं. लाइट गेली तरी कॉम्प्युटर चालू राहावा म्हणून तो त्यांनीच निवडून बसवला होता. मग भिंतीतली पिन काढली. यूपीएस पिपाण्या वाजवत पंधरा मिनिटं इमानदारीत चालला.

"भाऊ, अजून एकदा विचारते."

"त्या दिवशी नसेल चालला," मी म्हणालो.

बेननी वहीत लिहिलं आणि कामाला लागल्या. स्वतःच्या घरचा कॉम्प्युटर रिक्षात घालून आणला. आमच्या मशीनमधली डिस्क काढून त्याला जोडली आणि एकेक फाइल बाहेर ओढायला लागल्या. काही फाइली उघडेचनात. मग मुलांनी हातानं भरलेले कागद मागवले आणि ते फॉर्म नव्यानं टाइप करायला घेतले. "राहू द्या बेन, बोर्डाकडून मुदत मागून घेऊ," सर म्हणाले.

"कशाला? मी बसलेय ना."

चार दिवस त्या बसल्या. पाचव्या दिवशी नवी सिस्टिम सुरळीत चढली आणि फॉर्म छापून तयार झाले.

त्याच दुपारी संस्थेचे अध्यक्ष आले. "यूपीएस तुम्ही बसवलेला. लाइट गेली आणि तो चाललाच नाही. मग तुमची देखभाल कसली?"

"यूपीएस चालतो, साहेब. भाऊंना विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी टेबलावरच्या फाइलींच्या कडा सारख्या करत राहिलो.

शाळेचं काम निजामपुऱ्यातल्या एका दुकानाकडे गेलं. मग आसपासच्या दोन शाळांनीही बेनना बोलावणं सोडलं. वाडीत अशी बातमी पसरायला वेळ लागत नाही. अध्यक्ष येऊन गेले त्या दिवशी निघताना बेननी फॉर्मचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "तपासून पाठवा हं, भाऊ. एका मुलीची जन्मतारीख मला खटकतेय." आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. आणि ती तारीख खरोखर चुकलेली होती.

गेल्या वर्षी बेन गेल्या. त्यांच्या बेसण्याला, म्हणजे शोकसभेला, जाऊन मी फोटोला फूल वाहिलं, हात जोडले आणि तोंड न उघडता परत आलो. त्यानंतर मात्र घरात स्वस्थ बसवेना. परवा वासणा भागात अध्यक्षांच्या घरी गेलो. ते आता अंथरुणाला खिळलेत, ऐकू कमी येतं. लाइट गेली नव्हती, बटण मी दाबलं होतं, बेनचा यूपीएस चांगला होता, असं सगळं मोठ्यानं सांगितलं.

"कोण बेन?" त्यांनी विचारलं.

मी खुणा सांगितल्या. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं.

"मशीन दुरुस्त झालं होतं ना पण?"

"झालं होतं."

"मग झालं तर," म्हणून त्यांनी डोळे मिटले.

सून चहा घेऊन आली. दमलेत ते, आता झोपू द्या, असं तिनं हळूच सुचवलं. मी म्हटलं, थांबतो. तासाभरानं ते जागे झाले. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली, त्यांच्या कानाशी वाकलो आणि बेनचं नाव, आडनाव, गल्ली, सगळं सांगून पुन्हा सुरुवात केली.