सही न करणाऱ्या वहिनी

वहिनींना घरातून अजून नेलंही नव्हतं, तेवढ्यात कंपनीतून फोन आला. शोकसभेच्या फलकासाठी फोटो हवा होता, शक्यतो हसरा. मी फोन कापला. सहा आठवडे झाले, राग काही उतरलेला नाही...

मालतीवहिनी रत्नागिरीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. इथल्या एका मासळी-प्रक्रिया कंपनीला कायद्यापुरती संचालक मंडळावर एक बाई हवी होती. निवृत्त प्राध्यापिका, शांत स्वभाव, सह्या करील, हा त्यांचा अंदाज. पहिल्याच बैठकीत वहिनींनी विचारलं, कारखान्याचं सांडपाणी कुठे जातं? खाडीत, ओहोटी घेऊन जाते, असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी त्या रिक्षा करून खाडीवर गेल्या. चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या बायकांनी त्यांना हातांवरचे चट्टे दाखवले. पुढच्या बैठकीत त्यांनी ते मांडलं, तर अध्यक्ष म्हणाले, बाई भावनेच्या भरात बोलतात. इतिवृत्तात त्यांचा प्रश्न आलाच नाही. वहिनींनी सही केली नाही.

मी तेव्हा त्याच कंपनीच्या गोदामात नोकरीला होतो. घरी येऊन त्यांना म्हटलं, जरा सबुरीने घ्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमची नोकरी आहे, तुम्ही गप्प बसा. मला गप्प बसायलाच घेतलंय, म्हणून मी बसणार नाही." मी खरंच गप्प बसलो...

मग नॉर्वेचे खरेदीदार आले. त्यांच्या मंडळावरच्या तीन बायकांनी जेवणाआधी नेमका तोच प्रश्न विचारला. अध्यक्ष अदबीने उभे राहिले आणि शुद्धीकरण यंत्रणेचा शब्द देऊन बसले. परदेशी बाईने विचारलं की दूरदृष्टी, आमच्या वहिनींनी विचारलं की किरकिर. घरी आल्यावर वहिनी एवढंच म्हणाल्या, "त्या तिघी होत्या." यंत्रणा बसली आणि वर्षाच्या आत वहिनींच्या खुर्चीत अध्यक्षांची सून बसली.

शोकसभेत याच अध्यक्षांनी वहिनींना कंपनीच्या पर्यावरणदृष्टीची प्रेरणा म्हटलं. मी उभा राहून सांगितलं, "ती यंत्रणा फक्त पाहुणे येणार असले की चालते. वहिनींना ते ठाऊक होतं." चहा फिरवला गेला.

गेल्या रविवारी त्यांची खोली आवरायला घेतली. खिडकीत खाडीच्या पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर त्यांच्या नेटक्या अक्षरात तारीख. मंडळावरून काढल्यावरही दर रविवारी त्या पाणी आणत होत्या. शेवटची बाटली रिकामी होती. ती घेऊन मी खाडीवर गेलो आणि वाकलो. चिखलातली एक बाई कंबर सरळ करून म्हणाली, "हितनं नको. त्या पायपाजवळनं घ्या. बाई तिथनंच घ्यायच्या."